कडक हरताळका

“पी. सगळी संपीव,” आत्याबाई म्हणाल्या आणि पाण्याची दोन लिटरची बाटली त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली.

मी बाटलीला हात लावला नाही. गाडी दोन्ही बाजूंच्या उसातून चालली होती. माझा नवरा रणधीर चालवत होता. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती, पण मला मागे बसवलं होतं, सासूबाईंच्या शेजारी. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. माझ्या बाजूचं दार आतून उघडत नसे. ते बिघडलं होतं की मुद्दाम तसं ठेवलं होतं, हे मला आजही माहीत नाही.

“आत्याबाई, आज हरताळका आहे,” मी म्हणाले.

रणधीरचा पाय ब्रेकवर गेला. आरशातून त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. आत्याबाई बाटलीकडे बघत राहिल्या. त्या विसरल्या होत्या अशातला भाग नाही. सकाळी त्यांनीच वाळूची पिंड केली होती, पत्री वाहिली होती, आणि माझ्या हातात अक्षता देऊन निर्जळी उपास धरायला लावला होता. पाण्याचा थेंबसुद्धा नाही. फक्त तो उपास आणि ही बाटली या दोन गोष्टी त्यांनी डोक्यातल्या दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवल्या होत्या, आणि आता दोन्ही एकदम बाहेर आल्या.

खरं तर मी उपास धरणारच नव्हते. चौथा महिना होता, सकाळी उठलं की ओकाऱ्या. मी आधीच म्हटलं होतं, यंदा फळं खाऊन करते. तर म्हणाल्या, “पोटात हाय म्हनूनच धरायचा. यंदा कडक धर, देवी पोरगा देईल. आन फळंबिळं काय न्हाईत. फळ खाल्लं की उपास लटका पडतो.” मी मान हलवली. त्या घरात मान एकाच दिशेनं हलवायची सोय होती.

पूजेवरून उठलो न उठलो तोच सिस्टरचा फोन आला. तालुक्याच्या गावाबाहेर ही बाई राहायची. पूर्वी कुठल्याशा दवाखान्यात होती म्हणून सगळे तिला सिस्टर म्हणत. तिच्या घरी अधूनमधून एक माणूस पेटीत मशीन घालून यायचा. कधी येणार ते आधी सांगायचा नाही, कायद्याला भिऊन होता. फोन आला की असाल तसं निघायचं. पोटावर मशीन फिरवून तो मुलगा की मुलगी ते सांगायचा. मुलगी असली तर पुढचं सिस्टर बघायची, त्याच घरात, मागच्या खोलीत.

आदल्या वर्षी माझ्या थोरल्या जाऊबाईंना, शालनताईंना, तिथे नेलं होतं. त्यांना दोन मुली. परत आल्या तेव्हा भिंतीकडे तोंड करून निजून राहिल्या. मी भाकरी घेऊन गेले तर एवढंच म्हणाल्या, “आदी पानी पाजत्यात. लई पाजत्यात. लघवीची पिशवी भरल्याबिगर त्यास्नी आत दिसत न्हाई. लघवीला बी जाऊ देत न्हाईत.” तिसरी मुलगी होती, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

मला एक मुलगी, तेजू, चार वर्षांची. आता पोटात काय आहे ते मला जाणून घ्यायचंच नव्हतं. जे असेल ते मला हवं होतं. एवढं साधं वाक्य मी त्या घरात कुणापुढे बोलू शकले नव्हते. एकदा रणधीरपुढे बोलले, तर तो म्हणाला, “आईला विचार.”

म्हणजे हरताळकेचं मी काही बेत करून बोलले नव्हते. बाटली दिसली आणि भीतीनं तोंडाला आलं ते बोलून गेले. पण गाडी थांबलेली बघितली तेव्हा लक्षात आलं, आपल्या हाताला काहीतरी लागलंय.

“पोटुशीला कसला आलाय उपास?” रणधीर म्हणाला. “पी गं. मला काय हुत न्हाई.”

“तू गप,” आत्याबाई त्याच्यावर खेकसल्या.

हा उपास नवऱ्याच्या आयुष्यासाठी. आणि कहाणीत स्पष्ट आहे, या दिवशी जी बाई खाईल-पिईल तिला वैधव्य येतं, पुत्रशोक होतो. ती कहाणी सकाळी आत्याबाईंनीच वाचली होती, ओळीवर बोट ठेवून, मोठ्यानं. माझं वैधव्य म्हणजे त्यांचा पुत्रशोक. एका दगडात दोन पक्षी, आणि दोन्ही त्यांचेच.

गाडी पुन्हा चालू झाली. फाट्यावर शहाळ्याची हातगाडी दिसली तशी आत्याबाईंना हुरूप आला. “रणधीर, थांब. शहाळं घे. त्यातलं पानी म्हंजी पानी न्हवं. ते फळ.”

“फळ खाल्लं की उपास लटका पडतो, असं तुम्हीच म्हणालात,” मी खाली मान घालून म्हणाले. इतक्या वर्षांत मी एक शिकले होते, खाली मान घालून बोललं की सुनेला लवकर कुणी मारत नाही.

आत्याबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की दुसरी कुणी असती तर तिनं दोन शहाळी प्यायली असती. फोडलेलं शहाळं शेवटी रणधीरनंच प्यायलं. आतली मलईही खाल्ली.

सिस्टरचं घर गावापासून लांब, कोंबड्यांच्या शेडच्या मागं होतं. आम्ही आत गेलो तसं तिनं बाहेरच्या लोखंडी फाटकाला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. खोलीत रेक्झिनची एक खाट, वर पंखा, खिडकीला जाळी. कोपऱ्यात खुर्चीवर तो माणूस बसला होता, पायाशी पेटी. त्याला डॉक्टर म्हणायचे. होता की नव्हता, देव जाणे. त्यानं माझ्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही, पोटाकडेच बघितलं.

“पानी झालं का पिऊन?” सिस्टरनं विचारलं.

“तिला उपास हाय,” आत्याबाई म्हणाल्या. त्यांना ते बोलताना लाज वाटली, हे मला दिसलं.

“अवो, मला बी उपास हाय. म्हनून काय काम बंद ठेवलंय?” सिस्टर हसली. “चल गं, पी. लिटरभर तरी पायजे.”

“निर्जळी आहे. देवीपुढं धरलाय. यांच्यासाठी,” मी रणधीरकडे बोट दाखवलं.

“तीर्थ चालतंय की,” आत्याबाई पुटपुटल्या. “देवाचं नाव घेऊन पळीभर तीर्थ...”

“पळीभरानं काय हुतंय? पळीपळीनं लिटर पाजायला सांज हुईल.”

खुर्चीतला माणूस म्हणाला, “जेवणाच्या आत उरका. मला पुढे जायचंय.”

सगळे माझ्याभोवती उभे होते आणि मी खाटेवर बसले होते. तोंडाला कोरड पडली होती, जीभ टाळूला चिकटत होती. बाटलीतल्या पाण्याकडे बघून मला खरोखर तहान लागली होती, हे सांगितलं तर कुणाला खोटं वाटेल. ते पाणी मला हवंही होतं आणि ते माझ्या बाळाचा जीवही घेणार होतं. मी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात सिस्टर म्हणाली, “मग सलाईन लावूया. तोंडातनं काय जात न्हाई म्हंजी उपासाला धक्का न्हाई. सुईतनं रगतात जातंय, आन पिशवी बी भरतीया.”

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आत्याबाईंचा चेहरा मात्र उजळला. “हां! त्ये बेस. औषिदच झालं की त्ये.”

सिस्टरकडच्या सलाईनच्या बाटल्या संपल्या होत्या. तिनं चिठ्ठी लिहून दिली, रणधीर गाडीची किल्ली फिरवत बाहेर पडला. फाटक उघडलं, गाडी गेली, फाटकाला पुन्हा कुलूप. सिस्टर तिच्या त्या डॉक्टरसाठी चहा टाकायला आत गेली. तोही पेपर उचलून तिच्या मागे गेला. खोलीत मी आणि आत्याबाई उरलो.

कोपऱ्यातल्या स्टुलावर फोन होता. आत्याबाई थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसल्या. मग उठून त्यांनी नंबर फिरवला. आमच्या गावच्या जोशीकाकांना. घरची सगळी पूजाअर्चा तेच सांगायचे. काकांचा आवाज मुळात देवळातला, फोनवर तर ते ओरडूनच बोलत. मला खाटेवरून शब्द न् शब्द ऐकू येत होता.

“काका, एक इचारायचं हुतं. निर्जळी धरली आन सलाईन लावलं, तर उपास मोडतो का?”

“सलाईन? कुणाला? धाकट्या सूनबाईंना? अहो, काय झालं?”

“काय न्हाई. आपलं इचारलं.”

“गर्भाला काही धोका आहे का? वहिनी, तसं असेल तर सलाईन कशाला, पाणी पाजा, दूध पाजा! गर्भ राखण्यासाठी जे कराल त्याला दोष नाही. देवी आईच आहे ना!”

आत्याबाईंनी रिसीव्हर कानापासून लांब धरला. मग पुन्हा जवळ आणला. “आन... गर्भ राखन्यासाठी नसंल तर?”

“नसेल तर कशाला लावता?” जोशीकाका म्हणाले. “मग कशासाठी?”

आत्याबाईंनी फोन ठेवून दिला. त्या माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत.

मला त्यांची दया आली नाही. आजही येत नाही. मी म्हणाले, “लावा सलाईन, आत्याबाई. मी हात पुढं करते. तुम्ही माझ्यापेक्षा मोठ्या, तुम्ही म्हणाल ते. फक्त एक लक्षात असू द्या, ज्यांच्यासाठी हा उपास धरलाय, ते आत्ता गाडी घेऊन रस्त्यावर आहेत.”

त्या गर्रकन वळल्या. “काय बोलतीस गं सटवे!”

“मी काही बोलत नाही. कहाणीत आहे तेच.”

त्यांचा हात उठला. पण आला नाही. त्या खिडकीपाशी गेल्या आणि जाळीला तोंड लावून रस्त्याकडे बघायला लागल्या. कोंबड्यांच्या शेडमधून एकसारखा कलकलाट चालला होता आणि वास येत होता. मी पदर नाकाला लावला.

मेडिकलचं दुकान काही फार लांब नव्हतं. आम्ही येताना ते बघितलं होतं. जाऊन यायला जेवढा वेळ लागावा तेवढा झाला. मग आणखी झाला. सिस्टर डोकावून गेली, “आलं न्हाईत का अजून?” आत्याबाईंनी रणधीरच्या मोबाईलला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावताना त्यांचं बोट आकड्यावरून घसरलं.

“कुटं कडमडला असंल?” त्या म्हणाल्या, आणि आपणच म्हटलेलं ऐकून त्यांनी तोंडावर हात ठेवला.

मी खाटेवर तशीच बसून होते. तो आला की सुई. तो आला की मशीन. तो येईपर्यंत मी आणि माझं पोर दोघं सुखरूप होतो. मग मला वाटायला लागलं, येऊच नये त्यानं. अडकावा कुठे. बंद पडावी गाडी. आणि शेवटी त्याच्या पुढचंही वाटलं. माझ्या तेजूचा बाप, त्याच्या आयुष्यासाठी सकाळी पिंडीवर पत्री वाहून आले होते, आणि त्या खोलीत त्याच उपासाच्या तोंडानं मी त्याचं वाईट चिंतत होते. वाटलं ते वाटलं. मला दुसरं दारच ठेवलं नव्हतं कुणी.

आत्याबाई खिडकीशी उभ्या राहून पुटपुटत होत्या. हात जोडलेले होते. एकदा त्यांनी कपाळ जाळीला टेकवलं. वयानं वाकलेली ती बाई मी रोज बघत होते, पण त्या क्षणापर्यंत ती मला घाबरलेली कधी दिसली नव्हती. घाबरायचं काम आम्हा सुनांचं होतं.

गाडीचा हॉर्न वाजला.

रणधीर हातात पिशवी घेऊन आत आला. घामाघूम, वैतागलेला. “उद्याच्या गणपतीची सगळ्या गावाला आजच घाई. टेम्पोच टेम्पो. बाजारात वाटच मिळंना. हे घ्या, दोन बाटल्या आणल्यात.”

आत्याबाई त्याच्याकडे गेल्या. त्याचं तोंड त्यांनी दोन्ही हातांत धरलं, खांद्यावरून, दंडावरून हात फिरवला, जनावर बाजारातून घरी आणल्यावर चाचपून बघतात तसा. मग त्याच्या हातातली पिशवी घेऊन त्यांनी खाली ठेवली.

“चल घरी,” त्या म्हणाल्या.

“आं? अगं, आन हे?”

“चल म्हनते न्हवं! म्या देवीला बोललीया. ह्यो सुखरूप आला तर हिला अशीच घरी नेते. तू आलास. आता चल.”

“खुळी झालीस का आई? आन पोरगी झाली तर?”

“झाली तर झाली. मला तू हाईस.”

पेटीवाला माणूस दारात येऊन उभा राहिला होता. त्यानं एकवार सगळ्यांकडे बघितलं, पेटी उचलली आणि मागच्या बाजूला गेला. सिस्टरनं कपाळावर हात मारला. “असली माणसं बघितली न्हाईत बाई,” म्हणाली आणि कमरेची किल्ली काढली.

फाटकातून बाहेर पडेपर्यंत माझा विश्वास बसत नव्हता. गाडीत आत्याबाईंनीच मला दंडाला धरून चढवलं. वाटेत रणधीर आदळआपट करत गाडी चालवत होता आणि त्या दर वळणाला “सावकाश, बाबा, सावकाश” म्हणत होत्या. त्यांनी माझं पोर वाचवलं नव्हतं, स्वतःचं वाचवलं होतं. मला त्याचं काही नव्हतं. कुणाच्या का कोंबड्यानं उजाडेना.

पुढच्या खेपेला बघू, असं रणधीर म्हणत राहिला. पण पुढची खेप झालीच नाही. तो पेटीवाला पकडला गेला म्हणे, कुणी म्हणालं त्यानं जिल्हा बदलला. सिस्टरचं घरही काही दिवसांनी बंद दिसलं. माघात मला मुलगी झाली. आत्याबाईंनी तोंड फिरवलं, मग दोन दिवसांनी डिंकाचे लाडू वळायला बसल्या. त्या मुलीचं नाव केतकी. आता ती कॉलेजच्या वसतिगृहात असते आणि फोनवर माझ्याशी भांडते. पैशांवरून, जेवणावरून, मी मान खाली घालून बोलते त्यावरून. हे सगळं तिला मी कधी सांगितलेलं नाही. सांगेन एखाद्या दिवशी.

पण त्या हरताळकेचं नाव काढलं की मला ती गाडी किंवा ती खोली आधी आठवत नाही. दुसऱ्या दिवशीची सकाळ आठवते.

दहीभाताचा नैवेद्य दाखवून झाला आणि पिंड बोळवायला मी आणि शालनताई ओढ्यावर गेलो. ताट त्यांच्या हातात होतं. वाळूची पिंड, सुकलेली पत्री, हळदीकुंकू. रात्रभर घरात बायकांची झिम्मा-फुगडी चालली होती आणि आत्याबाई येईल तिला सांगत होत्या, धाकटीनं पोटुशी असून थेंबभर पाणी तोंडात घेतलं नाही. त्यामुळे आम्हा दोघींना बोलायला सवड अशी मिळाली ती ओढ्यावरच.

पिंड पाण्यात सोडली. मी घरून नेलेला तांब्या तोंडाला लावला आणि श्वास न घेता रिकामा केला. पाणी हनुवटीवरून, मानेवरून खाली आलं. शालनताई माझ्याकडे बघत होत्या.

“कशी सुटलीस गं?” त्यांनी हळूच विचारलं.

मी सगळं सांगितलं. बाटली, शहाळं, तीर्थ, सलाईन. पोटात पाणी गेल्यावर मला तरतरी आली होती. मी आत्याबाईंची नक्कल केली, जोशीकाकांचा आवाज काढला. शहाळ्याच्या गोष्टीला तर मी स्वतःच हसत सुटले. जिंकून आल्यासारखी मी बोलत होते. खूप दिवसांनी मला असं मोठ्यानं हसू येत होतं.

शालनताईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ताटाला चिकटलेलं एक बेलाचं पान त्यांनी नखानं सोडवलं आणि पाण्यात टाकलं.

“माझ्या येळंला साधा बुधवार हुता,” त्या म्हणाल्या, आणि ताट धुवायला ओढ्यात उतरल्या.